नोरामावशी आणि आमची ठणठणीत पोरं

रविवारी दुपारी मी आणि हिराबाई मटकी निवडायला बसलो की दोघींपैकी एक म्हणतेच, "नोरामावशीचं ते आठवतंय का?" झालं! मटकी निवडून होते, भिजत पडते, तरी किस्से संपत नाहीत. वीस वर्षं मी वॉर्डन आहे, पण माझ्या वीस वर्षांत झाले नाहीत तेवढे किस्से त्या बाईने सहा महिन्यांत करून ठेवले. कुणाला एक सांगायला जावं तर सांगता सांगता आणखी दोन आठवतात. शेवटी हिराबाईच म्हणाली, "बाई, लिवून ठिवा. न्हायतर माझं केलेलं बी तिच्या नावावर खपवाल!" म्हणून बसलेय लिहायला.

आधी माणसं सांगते. आमची निवासी शाळा कळस गावाच्या पुढे, चारी बाजूंनी ऊस. पोरं बहुतेक ऊसतोड कामगारांची. आईबाप दिवाळीच्या सुमाराला बीडकडून येतात, कारखान्याच्या टोळीत कोयता घेऊन रानात उतरतात आणि पोरं आमच्या हवाली करतात. मी शैला, वॉर्डन. हिराबाईकडे स्वयंपाकघर. जगताप सर मुख्याध्यापक, माणूस सोन्यासारखा, पण नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकायचे नाहीत. आणि नोरा ही आयर्लंडची रिटायर नर्स. बासष्ट वर्षांची, ताडमाड उंच, पांढरेशुभ्र केस, पायात पुरुषी बूट. सहा महिने बिनपगारी सेवा करायला आली होती. मला वाटलं, आली आणखी एक! पोरांबरोबर फोटो काढेल आणि जाईल. तर मी चुकले. हे वाक्य माझ्या तोंडून सहसा निघत नाही, म्हणून नीट ऐकून घ्या.

*

पहिल्याच दिवशी तिने सिक रूम झाडून घेतली, खाटेवर धुतलेली चादर घातली आणि प्रार्थनेनंतर सांगितलं, "ज्याला काही दुखतंय, त्याने माझ्याकडे यायचं." मी मराठीत सांगितलं. एकशे चाळीस पोरं. एकही आलं नाही.

दुसरा दिवस, तिसरा दिवस, तेच. चौथ्या दिवशी मला म्हणते, "शैला, तुमच्या पाण्यात काय आहे गं? इतकी निरोगी मुलं मी आयुष्यात पाहिली नाहीत!"

मी विषय बदलला. कारण खरं काय ते मला ठाऊक होतं. शाळेचा नियम होता: दोन दिवस ताप राहिला की पोराला आईबापाकडे टोळीवर पोचवायचं. जगताप सरांच्या मनात पाप नव्हतं. आजारी लेकरू आईजवळ असलेलं बरं, एवढाच हिशेब. पण हंगामात टोळीवर गेलेलं पोर परत येत नाही हो! पोरगा असला तर बैलं बघतो, पोरगी असली तर धाकटी भावंडं सांभाळते, भाकरी थापते, मोळ्या बांधते. पाचवीत एक कोमल होती, दहा वर्षांची, काटक, बोलायला तिखट. तिची थोरली बहीण आशा अशीच ताप आला म्हणून शाळेच्या जीपमधून गेली. ताप चार दिवसांत उतरला. आशा दोन वर्षं झाली, मोळ्याच बांधतेय. तेव्हापासून आमच्या शाळेत कुणी आजारी पडत नव्हतं. कोमल तर नाहीच नाही.

पाचव्या दिवशी नोराने ठरवलं, आता सगळ्यांचा ताप बघायचा. जिभेखाली थर्मामीटर. पहिली चार पोरं ठीक. मग तिच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. थर्मामीटर झटकला, सेल बदलले, स्वतःचा ताप बघितला, परत पोरांचा बघितला. शेवटी मला बाजूला घेऊन अगदी शांतपणे म्हणाली, "शैला, घाबरू नकोस. पण माझ्या शास्त्राप्रमाणे तुझी अर्धी पाचवी मेलेली आहे!"

मी मागच्या बाजूला गेले. तिथे माठापाशी दुसरी रांग! कोमल तांब्या घेऊन उभी आणि एकेकाच्या तोंडात गार पाणी ओततेय. "गिळू नगं, तोंडात धर! नाव पुकारलं की गिळायचं!"

मला हसू आवरेना. हसत हसत मी नोराला सगळं सांगितलं, नियमासकट. ती नाही हसली. उठली आणि थेट जगताप सरांच्या ऑफिसात. तासभर आतून तिचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा एवढं ठरलं होतं की ती आहे तोवर आजारी पोर सिक रूममध्येच राहील, ती शेजारच्या खोलीत झोपेल आणि गरज पडली तर आईलाच इकडे बोलवायचं.

मी पोरांना हे सांगितलं. कोमल म्हणाली, "आधी असंच म्हणत्यात, बाई. मग जीप येती."

*

तापाला कुणी येईना, पण उवांना आले! उवा झाल्या म्हणून कुणी टोळीवर पाठवत नाही ना. नोरा रविवारी सकाळी अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसायची, फणी आणि तेलाची बाटली घेऊन. ज्यांच्या डोक्यात उवा त्यांनीच रांगेत उभं राहायचं, बाकीच्यांनी गर्दी करायची नाही, असं बजावलं होतं. एकेक डोकं मांडीवर घेऊन ती अर्धा अर्धा तास विंचरायची. गाणंही म्हणायची तिच्याकडचं, बेसूर.

तिसऱ्या रविवारी मी रांगेच्या मागून चालले होते. चौथीतली एक चिमुरडी पुढचीच्या कानाशी लागलेली. "एक तरी दे की गं!"

"न्हाय देत."

"उद्या परत दीन. आईची शप्पत!"

मी ओरडले, "काय मागतेस गं?"

खाली मान घालून म्हणाली, "ऊ, बाई."

तिच्या डोक्यात एकही नव्हती हो! आदल्या रविवारीच साफ झालं होतं. रांगेत उभं राहायला मिळावं म्हणून पोरगी मैत्रिणीकडे उसनी ऊ मागत होती.

मी हे इंग्रजीत कसंबसं नोराला सांगितलं. तिने फणी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "नियम बदलला. उवा असोत, नसोत, सगळ्यांनी यायचं."

त्या दिवशी साठ-पासष्ट डोकी झाली. शेवटी हिराबाई भांडी टाकून आली, अंबाडा सोडला आणि तिच्यापुढे फतकल मारून बसली. "मला बी बगा."

हिराबाईच्या मागे कोण बसलं, ते मी सांगणार नाही.

*

तिचं मराठी हा जगताप सरांच्या जिवाला घोर होता. सरांनी तिला शुद्ध मराठीचं पुस्तक दिलं. ती शिकली मात्र स्वयंपाकघरात, पाटावर बसून लसूण सोलता सोलता. दोन महिन्यांत "हितं ये", "कुठं गेल्तास?", "आगं बया!" सुरू झालं.

एकदा तिला माझ्या माहेरी नेलं, बारामतीकडे, सांगवीला. आमच्याकडे पाहुणा एका घरी आला की तो सगळ्या आळीचा असतो. अकरा घरं झाली, अकरा चहा झाले. आणि ही शहाणी प्रत्येक कप पूर्ण संपवतेय! मी किती खुणावलं, की अगं, ओठाला लाव आणि ठेव. तिला वाटलं, मी तिला लवकर संपव म्हणतेय.

बाराव्या घरी, माझ्या चुलत्यांकडे, तिने हात जोडले. "तात्या, चहा नगं. पोट फुटंल."

तात्यांचा चेहरा पडला. "चहा नगं? मग आमच्या घरचं काय घेणार तुमी?"

"गाय दावा," म्हणाली.

गोठ्यात नेलं. आमची गाय तर अशी, की तात्यांशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. नोराने तिच्या मानेखाली खाजवलं, काहीतरी पुटपुटली, बादली ओढली, खाली बसली आणि धार काढायला लागली! घट्ट, सरळ, दोन्ही हातांनी. तिच्या बापाच्या बारा गायी होत्या म्हणे, लहानपणी रोज पहाटे हीच काढायची. बघायला सगळी आळी लोटली. गाय शेपूटही हलवेना.

तात्या मला म्हणाले, "शैले, तू नर्स नर्स म्हणत व्हतीस. आगं, सुई काय, कुणीबी टोचतंय. ही खरी शिकल्याली बाई हाय!"

*

आता आमच्या रफीकभाईंचं. शाळेची जीप तेच चालवतात. माणूस मऊ आणि जुना, जीप त्याहून जुनी. तिसरीतला गणेश चिंचेच्या झाडावरून पडला आणि हात मोडला. नोराने दोन पुठ्ठ्यांत हात बांधला, गळ्यात अडकवला आणि म्हणाली, "बारामती. लगेच!" पोरं व्हरांड्यात ओळीने उभी, सगळ्यांच्या नजरा जीपवर. कोमल पुढे. गणेशला हाक मारून म्हणाली, "तुझी वही मी ठिवते." परत येणार नाही, हे तिने गृहीतच धरलं होतं.

आम्हा दोघींना आणि गणेशला घेऊन जीप निघाली आणि पाच मिनिटांत थांबली. रस्त्यात एक आबा हात करून उभे होते. रिकामी जागा असताना म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात सोडून जायचं, हे रफीकभाईंच्या बापजन्मात झालं नाही. आबा चढले. पुढे एक बाई आणि दुधाची किटली चढली. नोरा लालबुंद! "रफीकभाई! ही ॲम्ब्युलन्स हाय का यष्टी?"

"बसू द्या सिस्टर, त्यास्नीबी तिकडंच जायचंय."

ती आयरिश भाषेत काय बोलली कळलं नाही, पण आशीर्वाद नव्हता.

इकडे आबांनी गणेशला मांडीवर घेतलं. आबा जुने पैलवान. आपला कुठला हात कुठल्या जत्रेत मोडला, मनगट कुणी मोडलं, बोटं कुणी, सगळं दाखवायला लागले. गणेश रडायचा थांबला आणि मोजायला लागला. बारामतीत एक्स-रेला ही रांग! मी डोक्याला हात लावला. आबा म्हणाले, "थांबा हितंच," आणि आत गेले. आत त्यांचा साडू कामाला! रांगेतल्या लोकांना आबांनी पोराचा हात दाखवला, सगळ्यांनी वाट दिली. अर्ध्या तासात फोटो, तासात प्लास्टर.

परतताना रफीकभाई आरशात बघून म्हणाले, "सिस्टर, तुमी आयर्लंडात मोकळी गाडी पळवा. हितं माणूस घेतल्याबिगर काम होत न्हाय!"

त्या दिवसापासून रस्त्यात कुणी हात केला की नोराच दार उघडायची.

पण मला लक्षात राहिलंय ते संध्याकाळचं. जीप फाटकातून आत आली, गणेश प्लास्टर मिरवत उतरला आणि सगळी शाळा धावली. कोमलने प्लास्टरवर बोट वाजवून बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. "आलास व्हय खरंच?" आणि वही त्याच्या अंगावर फेकून पळाली.

*

एक छोटा. वडगाव निंबाळकरच्या बाजूला एका शाळेने नोराला बोलावलं, मुलांना जंताच्या गोळ्या द्यायला. दहाची वेळ. मंडप, माईक, सतरंज्या! आधी दीपप्रज्वलन. मग सत्कार. नोराला शाल, नारळ. नोराला आणलं म्हणून मला शाल, नारळ. मला आणलं म्हणून रफीकभाईंनाही शाल, नारळ. मग भाषणं. प्रमुख पाहुणे नेमके जंतांवर बोलायला उभे राहिले आणि साडेबारा झाले तरी त्यांचे जंत काही पडेनात. पहिलीची पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपली.

नोरा उठली. माईकपाशी गेली. लोकांना वाटलं, मनोगत. तिने गोळ्यांचा डबा उघडला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "तोंड उघडा!"

सगळ्यात जवळ प्रमुख पाहुणे होते. सवयीने म्हणा, भीतीने म्हणा, त्यांनी आ केला. हिने गोळी टाकली. "चावा!"

तो माणूस गोळी चावत चावत मुकाट्याने खुर्चीवर जाऊन बसला. एक वाजता कार्यक्रम आटोपला! आमच्या तालुक्यात सभा इतक्या लवकर कधी सुटलेली मी तरी बघितली नाही.

*

आता शेवटचा. हा सांगताना हिराबाई मटकीचं सूप खाली ठेवते.

मार्च उजाडला. गणिताच्या तासाला सिक रूमचं दार वाजलं. मी आणि नोरा दोघी आत होतो. दारात कोमल. एकटी. कुणी आणलेली नाही, पाठवलेली नाही. उजव्या बाजूला पोट दाबून धरलेलं, ओठ पांढरे.

"मावशी, दुखतंय. कालपास्नं दुखतंय. लई."

पाच महिने त्या पोरीने सर्दीसुद्धा कबूल केली नव्हती! नोराने पोट चाचपलं आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला. दहा मिनिटांत जीप फाटकाबाहेर. त्या दिवशी रफीकभाईंनी कुणालाही घेतलं नाही. हात करणाऱ्यांना नुसतं ओरडून सांगत गेले, "लेकराला न्यायलोय!" कोमलने नोराच्या मनगटाला धरलं होतं ते सोडलंच नाही. एकच विचारत होती, "परत आणशीला ना?"

"आणणार."

"शाळंत?"

"शाळंतच."

अपेंडिक्स होतं. दुपारी ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, रात्र काढली असती तर अवघड होतं. नोरा तिथल्या बाकावर बसली आणि लहान पोरासारखी रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात? ती पोरगी आपल्या पायाने आली म्हणून वाचली, आणि या बाईने पाच महिने घालवले तेव्हा कुठे ते पाऊल उचललं गेलं. त्याआधी मी सगळं ठाऊक असून नुसतं हजेरीपुस्तक बघून म्हणत होते, आमची पोरं ठणठणीत! देवाने तिला कुठल्या कुठून आमच्याकडे धाडली, त्याचे उपकार मी कुठे फेडू?

कोमल परत आली तेव्हा जगताप सरांनी तिला जीपमधून स्वतः उचलून खाटेवर ठेवलं. नोटीस बोर्डावरचा तो जुना नियमही त्यांनीच काढला, नोरा गेल्यावरसुद्धा परत लागणार नाही म्हणाले. आणि टोळ्यांमधून बातमी फिरली, कळसच्या पलीकडची शाळा आजारी पोराला घालवत नाही, ठेवून घेते.

हंगाम संपत आला. टोळ्या गावाकडे निघायच्या तयारीत. एका दुपारी कोमलची आई आली. दवाखान्यात दोन दिवस बसून गेली होती, तेव्हापासून दिसली नव्हती. मला वाटलं, आता ही पोरीला घेऊन जाणार. मी सिक रूमच्या दारात पदर खोचून उभीच राहिले. भांडायचं तर भांडू!

तिने खाटेवरच्या कोमलच्या डोक्यावरून हात फिरवला, पण न्यायचं नावही काढलं नाही. मागे वळली आणि दाराआड उभ्या असलेल्या एका पोरीला ओढून पुढे केलं. तेरा वर्षांची असेल. उन्हाने रापलेली, हाताची बोटं उसाच्या पात्याने चिरलेली.

"बाई, ही माझी थोरली, आशा," आई नोराला म्हणाली. "हिला बी लई दुखतंय."

नोराने विचारलं, "कुठं दुखतंय?"

"पोटात," आशा म्हणाली.

"डोक्यात," त्याच वेळी आई म्हणाली.

आईने मान खाली घातली. जगताप सर माझ्या मागे येऊन कधी उभे राहिले होते, मला कळलंच नव्हतं.

नोराने आशाला हाताला धरून खाटेवर, कोमलशेजारी बसवलं. तिची नाडी धरली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुरं एक मिनिट मोजलं. मग कपाळावर हात ठेवला आणि सरांकडे वळून म्हणाली, "सर, ताप लई हाय. धावी हुईस्तोवर उतरायचा न्हाय."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. मग खिडकीतून स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "हिराबाई, आजपासून एक ताट वाढवा!"